अल्पशा आजाराने

सात वर्षांपूर्वी आपल्या मंडळाच्या वार्तापत्रात चार ओळींची एक निधनवार्ता आली होती. "अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले" असे तिच्यात म्हटले होते. ती वार्ता मी लिहिली होती. मराठीत हे वाक्य इतके घोटले गेले आहे की लिहिताना हात आपोआप चालतो. पण त्या आजाराला अल्पसा म्हणणे खरे नव्हते, हे मला लिहिताना ठाऊक होते. वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना तरी ठाऊक होते. कोणी काही बोलले नाही, आणि मीही सुटकेचा निःश्वास टाकला.

ते माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे होते. गणपतीत तबल्यावर तेच, नाटकाच्या तालमीत प्रॉम्प्टरही तेच. मृत्यूच्या दीड वर्ष आधी एका रात्री वहिनींचा फोन आला. त्यांच्या पोटात असह्य दुखत होते. मी गाडीतून दोघांना इस्पितळात नेले. दाखल करताना नर्सने नेहमीचे प्रश्न विचारले, त्यात "दारू किती घेता?" हाही होता. ते कळवळत होते. वहिनींनी माझ्याकडे पाहिले, आणि मी म्हणालो, "क्वचित, पार्टीत वगैरे." नर्सने तसे टाइप केले. तिसऱ्या दिवशी त्यांचे हात थरथरू लागले. मग त्यांना भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या, आणि संध्याकाळी फिट आली. डॉक्टर बाहेर येऊन आम्हाला कॉरिडॉरमध्ये घेऊन गेले आणि तोच प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला. या वेळी वहिनींनी माझ्याकडे पाहिले नाही. "रोज," त्या म्हणाल्या, "सकाळपासून."

नंतर मला याची कारणे वाचून समजली. दारू मेंदूचे काम मंदावते. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू त्या ओझ्याशी जुळवून घेतो आणि आपली उत्तेजना वाढवून ठेवतो. इंजिनियरच्या भाषेत सांगायचे, तर सतत भाराखाली चालणाऱ्या यंत्रावरचा भार अचानक काढला की ते बेफाम धावते. दारू थांबल्यावर दोन-तीन दिवसांत फिट, भास, ताप येतात, आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावूही शकतो. डॉक्टरांना आधी ठाऊक असेल तर औषधांनी हे टाळता येते. म्हणजे माझ्या "क्वचित, पार्टीत" या उत्तराने त्यांची अब्रू राखली, पण जीव धोक्यात घातला.

माझी नोकरी इस्पितळांच्या नोंदींची सॉफ्टवेअर लिहिण्याची आहे. "दाखल करतानाचे निदान" नावाचा एक रकाना असतो. तो भरल्याशिवाय रुग्णाला खाट मिळत नाही, विमा कंपनी पैसे देत नाही, आणि पुढचा एकही पडदा उघडत नाही. त्या प्रसंगानंतर या रकान्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. त्यातूनच मला अ‍ॅक्रन शहरातली एक गोष्ट सापडली. खरे तर ती सापडायला इतका उशीर व्हायला नको होता. माझी डॉक्टरेट त्याच गावातली, आणि नॉर्थ मेन स्ट्रीटवरच्या सेंट थॉमस इस्पितळावरून मी शेकडो वेळा गेलो असेन. तेव्हा ते माझ्या लेखी विटांची एक जुनी इमारत होते.

अ‍ॅक्रन हे रबराचे गाव. गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच, जनरल या सगळ्या टायर कंपन्या तिथल्याच. १९१० साली वस्ती सत्तर हजारांच्या आत होती, ती १९२० साली दोन लाखांच्या वर गेली. खेड्यापाड्यांतून एकटे आलेले पुरुष, पाळ्यांची कामे, भाड्याच्या खोल्या. आपल्या गिरणगावाची आठवण व्हावी असेच ते चित्र. तिथे दारूड्यांची वाण नव्हती. वाण होती ती त्यांना ठेवून घेणाऱ्या जागेची. तुरुंग होता, सरकारी वेड्यांचे इस्पितळ होते, आणि श्रीमंतांसाठी दूरवरची खासगी आरोग्यधामे होती. साधी इस्पितळे मात्र दारूड्याला दारातूनच परत पाठवत. तो आरडाओरडा करतो, इतर रुग्णांची झोपमोड करतो, बिल बुडवतो, आणि मुख्य म्हणजे तो आजारीच नाही, असे त्यांचे म्हणणे. त्याचे वर्तन वाईट, आणि वाईट वर्तनावर इस्पितळात काय इलाज करणार?

याच गावात डॉ. रॉबर्ट स्मिथ नावाचे सर्जन होते. जन्म व्हर्माँटचा, १८७९ चा. कॉलेजपासून पिणारे. सकाळी हात थरथरू नयेत म्हणून झोपेच्या गोळ्या, संध्याकाळी दारू, असे वर्षानुवर्षे चाललेले. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती, पण डॉक्टरांना औषध म्हणून व्हिस्की लिहून देण्याची मुभा होती. डॉ. स्मिथ यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे, की ते फोनच्या पुस्तकातून एखादे नाव उचलत आणि त्याच्या नावाने व्हिस्कीचे प्रिस्क्रिप्शन लिहीत. (हे वाचून आपल्याकडच्या मंडळींनी हसू नये. १९४९ च्या कायद्यानंतर मुंबईत परवाना मिळे तो प्रकृतीच्या जपणुकीसाठी. त्या परवान्याचे नाव अजून 'परमिट रूम'च्या पाटीवर आहे.)

१९३५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कहून बिल विल्सन नावाचा शेअरबाजारातला एक माणूस धंद्याच्या कामासाठी अ‍ॅक्रनला आला. डिसेंबर १९३४ मध्ये त्याची दारू सुटली होती, तीही न्यूयॉर्कच्या टाउन्स इस्पितळात. तिथले डॉ. सिल्कवर्थ दारूच्या व्यसनाला आजार म्हणत. अ‍ॅक्रनमधले त्याचे काम फिसकटले. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार होता, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याने फोन केला, एका पाद्र्याला, आणि दुसरा कोणी दारूडा भेटू शकेल का अशी विचारणा केली. त्या धाग्याने १२ मे रोजी, मातृदिनी, तो डॉ. स्मिथना भेटला. ही भेट हेन्रिएटा सायबरलिंग यांच्या घरी झाली. त्या गुडइयरच्या संस्थापकांच्या सूनबाई. 'पंधरा मिनिटे थांबतो' म्हणून गेलेले डॉक्टर तासन्‌तास बसले. समोरचा माणूस उपदेश करत नव्हता, स्वतःची हकीकत सांगत होता. १० जून १९३५ रोजी डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला, आणि तीच तारीख अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, म्हणजे ए.ए.चा, जन्मदिवस मानली जाते. ही कथा पुष्कळांना ठाऊक असते. तिच्या पुढचा भाग, म्हणजे इस्पितळाचा, फार थोड्यांना ठाऊक असतो.

दोघांच्या लवकरच लक्षात आले की माणूस पूर्ण झिंगलेला असताना त्याच्याशी बोलून उपयोग नाही, आणि पिणे एकदम थांबवले तर तो मरूही शकतो. आधी चार-पाच दिवस त्याला अंथरूण, डॉक्टर आणि देखरेख हवी. त्यांना भेटलेला तिसरा माणूस वकील होता, आणि तोही इस्पितळाच्या खाटेवर बांधलेल्या अवस्थेत होता, नर्सांना मारहाण केल्याबद्दल. पण अशी खाट मिळवणे हेच मोठे काम होते. डॉ. स्मिथ यांच्या स्वतःच्या पिण्याची गावभर चर्चा असल्याने त्यांच्या शब्दाला इस्पितळांत फारसे वजन उरले नव्हते.

इथे गोष्टीत सिस्टर इग्नेशिया येतात. मूळ नाव ब्रिजेट डेला गॅव्हिन. जन्म १८८९, आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात. सात वर्षांच्या असताना आईवडिलांबरोबर क्लीव्हलंडला आल्या. म्हणजे त्याही आपल्यासारख्याच बाहेरून आलेल्या. संगीत शिकवत. १९१४ साली त्या जोगीण झाल्या, तिथेही संगीतच शिकवत राहिल्या. कामाचा ताण इतका वाढला की १९२७ च्या सुमारास त्या शरीराने आणि मनानेही कोसळल्या. कित्येक महिने अंथरुणाला खिळून होत्या. डॉक्टरांनी संगीत शिकवणे बंद करायला सांगितले. मग हलके काम म्हणून १९२८ साली नव्यानेच उघडलेल्या सेंट थॉमस इस्पितळात, रुग्ण दाखल करून घेण्याच्या टेबलावर, त्यांना बसवण्यात आले. चणीने लहानखुऱ्या, बोलायला हळू. मन कोसळणे म्हणजे काय, हे त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलेली ही बाई होती. माझ्या मते या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, आणि पुस्तके तिच्यावरून भरभर पुढे जातात.

१६ ऑगस्ट १९३९ रोजी डॉ. स्मिथ त्यांच्याकडे आले. त्यांच्याजवळ एक रुग्ण होता. त्याआधीही सिस्टर एका तरुण डॉक्टरच्या मदतीने काही दारूड्यांना गुपचूप थारा देत आल्या होत्या, पण त्यातल्या एकाने रात्री धिंगाणा घातल्यामुळे वरिष्ठांची बोलणी खावी लागली होती. त्यांनी विचार केला, खाट दिली, आणि निदानाच्या रकान्यात लिहिले, 'जठराचा तीव्र दाह'.

रकान्याचा अभ्यासक म्हणून सांगतो, हे खोटे मोठे विचारपूर्वक निवडलेले होते. भरपूर पिणाऱ्याच्या जठराला सूज असतेच, त्यामुळे तपासणाऱ्याला हरकत घेता येत नाही. आजच्या यादीत तर दारूमुळे होणाऱ्या जठरदाहाला स्वतंत्र कोडच आहे, के२९.२. दारूच्या अवलंबित्वाचा कोड एफ१०.२. एक पोटाच्या प्रकरणात येतो, दुसरा मनाच्या. मधे अक्षरांचे थोडेसेच अंतर, पण त्या अंतरावर माणसाची अब्रू, नोकरी आणि विमा उभे असतात.

दुसऱ्या दिवशी डॉ. स्मिथ पुन्हा आले. रुग्णाला भेटायला काही माणसे येणार आहेत, त्यांना निवांत बोलता येईल अशी वेगळी खोली मिळेल का? स्वतंत्र खोली रिकामी नव्हती. रुग्णांना आलेली फुले नीट करून ठेवण्याची एक छोटी खोली होती. सिस्टरनी खाट तिथे ढकलत नेली. भेटायला आलेले लोक व्यवस्थित कपड्यांतले, शांत आणि हसतमुख होते. तेही दारूडेच होते, फक्त त्यांची दारू सुटलेली होती. सिस्टरना हे पाहून आश्चर्य वाटले, असे त्या पुढे सांगत.

मग त्यांनी इस्पितळाच्या प्रमुखांना सगळे खरे सांगितले आणि रीतसर परवानगी मिळवली. फुलांच्या खोलीनंतर दोन खाटांची खोली आली, मग सहा-आठ खाटांचा वॉर्ड. तो प्रार्थनामंदिराला लागून होता, आणि तिथे कॉफीची किटली अहोरात्र तयार असे. मुक्काम पाच दिवसांचा. पहिला दिवस स्वागताचा, दुसरा जाणिवेचा, तिसरा स्वतःचा हिशेब मांडण्याचा, चौथा निश्चयाचा, पाचवा पुढच्या बेताचा. माणसाला एकट्याने येता येत नसे, ए.ए.चा कोणी जुना सभासद त्याला घेऊन येई आणि त्याची हमी घेई. कपडे काढून घेत आणि झगा देत, म्हणजे पळून जायला नको. दिवसभर बाहेरचे सभासद येऊन बसत आणि आपापल्या कहाण्या सांगत. औषधोपचार डॉक्टर करत, पण वॉर्ड चालवत ती ही माणसे.

निघताना सिस्टर प्रत्येकाच्या हातात येशूच्या पवित्र हृदयाचे एक लहानसे चिन्ह देत. अट एकच. पुन्हा प्यावेसे वाटले तर आधी इथे येऊन ते मला परत करायचे. प्रॉटेस्टंट, ज्यू, नास्तिक, सगळे ते खिशात ठेवत. हे वाचताना मला आमच्या सातारा जिल्ह्यातले गाव आठवले. 'त्याने माळ घातली' म्हटले की पुढे काही सांगावे लागत नसे. दारू सुटली, असाच त्याचा अर्थ. प्यायची असेल तर आधी तुळशीची माळ गळ्यातून काढावी लागते, आणि काढणारा हात तिथेच थबकतो. अ‍ॅक्रनच्या जोगिणीला आणि पंढरीच्या वारकऱ्याला ही युक्ती एकमेकांना न विचारता सुचली.

एक गोष्ट मात्र मला खटकते. सिस्टरचा कडक नियम होता, माणसाला दाखल करायचे ते एकदाच. पुन्हा प्यायला तर खाट मिळणार नाही. अपवाद फार थोडे. खाटा कमी होत्या, रांग मोठी होती, हे मान्य. पण आज आपण जाणतो की हा आजार मधुमेहासारखा किंवा दम्यासारखा उलटतो. दुसऱ्यांदा साखर वाढली म्हणून मधुमेह्याला कोणी परत पाठवत नाही. तसेच औषधांचे. १९५१ साली डायसल्फिराम, १९९४ साली दारूसाठी नाल्ट्रेक्सोन, २००४ साली अ‍ॅकॅम्प्रोसेट अशी औषधे इथे मंजूर झाली, पण 'गोळी घेतली म्हणजे खरी सुटलीच नाही' असे म्हणणारे ए.ए.मध्ये कमी नव्हते. २०१६ च्या उन्हाळ्यात याच अ‍ॅक्रनमध्ये कारफेंटानिलने हाहाकार उडवला, तेव्हा असल्या सोवळेपणाची किंमत फार मोठी होती. दुसऱ्या बाजूने, ए.ए. म्हणजे नुसती भजनी मंडळी असे हिणवणाऱ्यांनाही २०२० च्या कॉक्रेन आढाव्याने उत्तर दिले. पूर्णपणे न पिण्याच्या बाबतीत ही वाट इतर मान्यवर उपचारांच्या तोडीस तोड, काही ठिकाणी सरस निघाली.

डॉ. स्मिथ नोव्हेंबर १९५० मध्ये वारले. तोवर पाच हजारांहून अधिक माणसांवर त्यांनी एक पैसाही न घेता उपचार केले होते. १९५२ साली सिस्टरची बदली क्लीव्हलंडच्या सेंट व्हिन्सेंट चॅरिटी इस्पितळात झाली. तिथे त्यांनी रोझरी हॉल सोलॅरियम उभारले. इंग्रजीत त्याची आद्याक्षरे आर.एच.एस., तीच रॉबर्ट होलब्रुक स्मिथ यांची. १ एप्रिल १९६६ रोजी त्या गेल्या.

रकाना मात्र बदलायला वेळ लागला. १९५६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ठराव केला की दारूचे व्यसन हा आजार आहे आणि साध्या इस्पितळांनी असे रुग्ण घ्यावेत. फुलांच्या खोलीनंतर सतरा वर्षांनी! सरकारी मनोरुग्णालयांत तेव्हा साडेपाच लाखांवर माणसे कोंडलेली होती. १९६३ साली केनेडींनी सामुदायिक मानसिक आरोग्याच्या कायद्यावर सही केली आणि मनाचे उपचार गावातल्या इस्पितळांकडे येऊ लागले, अर्थात ठरले होते त्यापेक्षा फार कमी केंद्रे उभी राहिली. मग आयोवाचे सिनेटर हॅरल्ड ह्यूज पुढे आले. ट्रक चालवून वर आलेला माणूस, स्वतः एके काळचा दारूडा, आणि ते उघड सांगणारा. त्यांच्या प्रयत्नाने झालेल्या कायद्यावर १९७० च्या शेवटच्या दिवशी निक्सन यांनी सही केली. सरकारी पैसे घेणाऱ्या इस्पितळाला केवळ दारूडा म्हणून रुग्ण नाकारणे त्यानंतर बेकायदा ठरले. त्याच सुमारास व्यसनोपचाराच्या नोंदी गुप्त ठेवण्याचे खास नियमही आले. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या नोंदींना आजही वेगळे कुलूप असते. २००८ च्या कायद्याने विमा कंपन्यांना सांगितले की मनाच्या आणि व्यसनाच्या आजारांना शरीराच्या आजारांपेक्षा जाचक अटी लावायच्या नाहीत.

हे सगळे कायदे त्या रात्री लागू होते, तरी मी "क्वचित, पार्टीत" म्हणालो. का म्हणालो, याचा मी पुष्कळ विचार केला. त्यांचे ग्रीन कार्ड अडकलेले होते, आणि त्या वैद्यकीय तपासणीत दारूविषयी विचारतात. म्हणजे भीती अगदीच निराधार नव्हती. पण खरे सांगायचे तर मला त्या क्षणी ग्रीन कार्ड आठवले नव्हते. मला मंडळ आठवले होते. 'आपल्यात' असे होत नाही, ते इकडच्या लोकांत होते, हे वाक्य मी लहानपणापासून वेगवेगळ्या रूपांत ऐकत आलो आहे.

आपल्यात होते. आपल्यातच त्याच्यावर उपायही झाला आहे. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेले वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू केले. जागा कुठली, तर येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातली. सिस्टरना फुलांची खोली मिळाली तशीच. तिथेही बरे झालेले रुग्णच नव्यांना सांभाळतात आणि ए.ए.चे तत्त्व पाळले जाते, पण मुक्काम आठवड्यांचा, आणि पत्नींसाठी वेगळा गट. अनिताताई १९९७ साली गेल्या, काम चालू राहिले. वहिनींना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मला ठाऊक होतं हो. त्यांना पुण्याला न्यायचं म्हटलं तर घरच्यांना काय सांगायचं, हाच प्रश्न होता."

२०२३ च्या सुरुवातीला सेंट थॉमसमधले मानसिक आजारांचे आणि व्यसनाचे विभाग अ‍ॅक्रनमधल्याच एका नव्या इमारतीत हलले. त्याआधी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, क्लीव्हलंडच्या सेंट व्हिन्सेंट चॅरिटीने रुग्ण दाखल करून घेणे थांबवले होते. मागच्या शरद ऋतूत मी वहिनींना घेऊन नॉर्थ मेन स्ट्रीटला गेलो. आम्ही गाडी कडेला लावली. फारसे बोलणे झाले नाही. फुलांची खोली कुठल्या बाजूला असेल, असे त्यांनी विचारले. मला सांगता आले नाही.

हा लेख छापण्यापूर्वी मी त्यांना वाचायला दिला. नाव नको, बाकी सगळे असू द्या, म्हणाल्या. मी मूळ मसुद्यात लिहिले होते, 'हा आजार अकरा वर्षांचा होता.' त्यांनी पेनने अकरा खोडून सोळा केले, आणि ते वाक्य निधनवार्तेतच घालायला हवे होते, असे समासात लिहिले.